गेलेल्यांचं आवतण

"माझ्या दारात हे लग्न लागणार नाही," असं मुलीच्या बापाने, हरीने, बजावलं होतं. म्हणून तनयाची हळद अंबाडीजवळच्या गावात, होणाऱ्या नवऱ्याच्या, देवेशच्याच मांडवात होती आणि मुलीकडून आली होती एकटी तिची आई, नीला.

सारा संसार भिवंडीत करूनही नीलाने आगऱ्यांचं लग्न कधी आतून पाहिलं नव्हतं. रिक्षाने येण्याजोगं गाव, पण तिला परमुलखात उतरल्यासारखं झालं. कोणी बस म्हणेना की पाणी विचारेना.

"बाप न्हाय आला?" देवेशच्या आत्याने, गुणाबाईने, सगळ्यांदेखत विचारलं.

"बरं नाही त्यांना."

"साखरपुड्याला बी बरं नव्हतं. लय दिवस पुरवलं दुखनं."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला तरी कुठे आवडत होती ही माणसं? गोदामांना जमिनी विकून आलेला पैसा, मांडवावर चढवलेला भोंगा, गुणाबाईच्या गळ्यातलं सोनं, सगळंच खुपत होतं. पण तनया पाटावर बसून सारखी मांडवाच्या दाराकडे बघत होती, ते सगळ्यात जास्त खुपत होतं. सकाळी निघताना नीलाने शेवटचं विनवलं, तेव्हा हरीने पेपरातून मानही वर केली नव्हती. "मी मेलो असं समज आणि जा," म्हणाला होता.

लग्न लावायला भटजी नव्हता. यांच्याकडे तो मान धवलारणीचा. ती गाणी म्हणूनच सगळे विधी करते. शेजारच्या गावाहून आलेली ठमाबाई माईक हातात घेऊन नीलाकडे वळली.

"मुलीकडचे गेलेले कोन कोन? नावं सांग बाय. गेलेल्यांना आवतन दिल्याबिगर हळद लावत न्हाय आमच्यात."

नीलाने सासऱ्यांचं नाव सांगितलं, सासूबाईंचं सांगितलं.

"आनखी?"

नवऱ्याचं नाव तिने आजवर फक्त उखाण्यातच घेतलं होतं.

"हरी," ती म्हणाली.

गुणाबाईने लग्नपत्रिकेत मुलीच्या बापाचं नाव वाचलेलं होतं. हळदीच्या वाटीतला तिचा हात तिथेच थांबला. "आई," तनया एवढंच बोलली. ठमाबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने खणखणीत आवाजात आवतण घातलं: या आजीबाई, या आजोबा, या हरीराया, लेकीच्या हळदीला या. भोंग्यावरून ते गावभर गेलं.

आणि हरी आला. इस्त्रीचा सदरा घालून, मांडवाच्या दारातून थेट नीलापाशी. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. तनया पाटावरून अर्धी उठली.

"रस्त्यापर्यंत ऐकू आलं माझं नाव," तो नीलाला म्हणाला. "बघितलंस? शेवटी माझ्यावाचून अडलंच यांचं."

नीला गप्प राहिली असती तर भागलं असतं. पण त्या 'अडलंच'ने तिचं डोकं फिरलं.

"काही अडलं नव्हतं. मेलेल्यांची नावं घेत होत्या त्या. तुमचं मी दिलं."

हरीचं हसू उतरलं. त्याने ठमाबाईकडे पाहिलं, गुणाबाईकडे पाहिलं. कोणी हसलं नाही, गुणाबाईसुद्धा नाही.

"मग मी बसू कुठे?" त्याने विचारलं. असं बायकोला विचारून तो जन्मात कधी बसला नव्हता.

"जिवंत माणसं तिकडे बसलीत, तनयाच्या मागे," नीला म्हणाली. "बघा जमतंय का."