चुन्याच्या आत

नियम मीच लिहिला, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. आमच्या धुळ्यात मैदान एक आणि क्लब दोन, आमचा फुटबॉलचा, त्यांचा क्रिकेटचा. आषाढापासून दसऱ्यापर्यंत पाळी आमची, पुढे त्यांची. आमच्या बुटांनी त्यांची खेळपट्टी उखडायची आणि त्यांची पोरं बॅटी घेऊन आमच्या गोलात घुसायची. रोजची कटकट. शेवटी अठ्ठावन्न साली मी, भटू, फुटबॉलचा सेक्रेटरी, टेबलावर हात आपटून लिहून घेतलं की एकाची पाळी असताना दुसऱ्या क्लबाच्या माणसानं चुन्याच्या रेघेच्या आत पाय ठेवायचा नाही. तेव्हा आमचे तीस गडी होते, मला कोणाची पर्वा.

आता एकाहत्तर साल. तिसातले कोणी भुसावळला रेल्वेत, कोणी सुरतेच्या गिरणीत, दोघं तर वरच गेले. नव्या पोरांना क्रिकेटचं वेड. दोन वर्षं मी एकटाच पाळी धरून बसलोय. यंदा सगळ्यांना कार्डं टाकली, पाळीच्या पहिल्या रविवारी या, खेळू नका, नुसते या. उत्तर एकच आलं, भुसावळहून तोतारामचं. ड्युटी आहे, गुडघाही गेलाय, तुम्ही सांभाळून घ्या. काय सांभाळू, डोंबल!

रविवारी हमाल लावून खांब उभे केले, चुना मारला, पोटावर न बसणारी जर्सी चढवली. नऊ वाजले, दहा वाजले. फाटकाकडे बघून मान दुखली. फार एकटं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रेघेबाहेर क्रिकेटचा सेक्रेटरी निर्मलकुमार, कापडदुकानवाला, आपल्या दहा-बारा पोरांना घेऊन बसला होता. रविवारी यायची त्यांची सवय. मी रिकाम्या गोलात चेंडू मारत होतो आणि मीच आणत होतो. एकदा तो बाहेर गेला. निर्मलकुमारनं रेघेबाहेरूनच परत फेकला.

"या ना रे आत," मी म्हणालो. "बठ्ठा गयात, सगळे गेले. मी एकलाच शे."

"नाना, नियम तुमचा आहे."

"मोड की एक दिवस."

"आज मोडला आणि उद्या तुमची माणसं आली, तर मला काय म्हणतील?"

टोमणा नव्हता तो. माझी माणसं येतील असं त्याला खरंच वाटत होतं. मला मात्र त्या क्षणी कळलं की येणार नाहीत.

"आणि क्लबच नसेल तर?" मी विचारलं.

त्यानं आधी फाटकाकडे पाहिलं. "मग तसं लिहून द्यावं लागेल. घाई करू नका, नाना."

पिशवीतून क्लबाची वही काढली आणि लिहिलं, फुटबॉल क्लब आजपासून बंद. हजर सभासद एक. खाली सही केली.

निर्मलकुमारनं ते दोनदा वाचलं. चपला रेघेबाहेर काढल्या आणि देवळात शिरावं तसा आत आला. मागून पोरं आली.

"उभे राहा गोलात," तो म्हणाला.

मी उभा राहिलो. त्यानं मारलेला चेंडू, मी झेपावलो तरी, माझ्या बगलेखालून जाळीत गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांत त्या मैदानावर झालेला पहिला गोल. मी गुडघे झाडत उठलो आणि सवयीनं वही उघडून लिहिलं, आमच्यावर एक गोल.

मग वरची ओळ दिसली. आमचं म्हणायला आता कोणी उरलं नव्हतं.