वृषभावतीची ओटी

कानडी मुलखातल्या बसवनगुडीतला गुरुराज नियमाचा माणूस होता, आणि नियमाच्या माणसाचं शेवटी जे व्हायचं तेच त्याचं झालं.

वृषभावती नदी तिथेच, नंदीच्या देवळापाशी उगम पावते. अठ्ठावन्न सालापर्यंत बिचारीची पार रया गेली होती. शिळे हार, नारळाच्या शेंड्या, जत्रेतल्या शेंगांची टरफलं, सगळं तिच्या पोटात. म्हणून गल्लीतल्या काही जणांनी नदी-रक्षण मंडळी काढली. अध्यक्ष गुरुराजचे वडील भीमाचार्य, कारण पुराण सांगून सांगून त्यांचा आवाज मोठा झाला होता. चिटणीस गुरुराज. दर रविवारी मंडळी धोतरं खोचून पात्रात उतरायची आणि टोपल्या भरभरून घाण वर काढायची.

नियम गुरुराजनंच केला होता. "जो टाकेल त्यानं सगळ्यांदेखत उतरून आपल्या हातानं काढायचं. मग तो कुणी का असेना!" देवळापुढे फुलं विकणाऱ्या परसूला त्यानं असंच गुडघाभर पाण्यात उभं करून टोपलीभर हार वेचायला लावले होते. परसू बेळगावकडचा, मानी गडी. त्यानं हार वेचले, पण 'कुणी का असेना' एवढे शब्द मनात जपून ठेवले.

आणि नेमका त्याच वर्षी गुरुराजच्या आईला, अहल्याबाईंना, आपला नवस आठवला.

गुरुराज लहानपणी टायफॉइडनं अंथरुणाला खिळला होता. वैद्यानं हात टेकले तेव्हा अहल्याबाई नदीला म्हणाल्या होत्या, "माझा गुरु उठू दे, तुझी ओटी भरीन." गुरु उठला, नोकरीला लागला, त्याच्या मिशा पिकायला लागल्या, नवस मात्र राहूनच गेला. आता त्यांच्या छातीत धडधड व्हायला लागली होती.

"आई, देवळात देवीची भर की!" गुरुराज अजिजीनं म्हणाला.

"देवीनं उतरवला काय रे तुझा ताप? हिच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या मी कपाळावर. नवस डोक्यावर ठेवून मी डोळे मिटू काय?"

"मग निदान रविवार सोडून जा. कुणी नसताना."

"चोरून भरायला ती काय माझी सवत आहे?"

गुरुराजनं वडिलांकडे पाहिलं. "धर्म फार सूक्ष्म असतो," असं म्हणून अध्यक्ष देवघरात शिरले आणि आतून कडी लावून घेतली.

आईचं मन मोडावं तर ती झुरणार, आणि नियम मोडावा तर सोमवारपासून पुन्हा अख्खी गल्ली नदीत टोपल्या उपड्या करणार. गुरुराजला जेवण जाईना.

रविवारी अहल्याबाई कपाळभर कुंकू लावून, नऊवारी नेसून काठावर आल्या. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. मंडळी टोपल्या धरून उभी. परसू आधीच कट्ट्यावर येऊन बसला होता आणि शेंगांची टरफलं मोठ्या निष्ठेनं आपल्याच खिशात घालत होता.

"अण्णा, नियम सगळ्यांना सारखाच न्हवं?" त्यानं गोड आवाजात विचारलं.

गुरुराजला काय सुचलं कोण जाणे, तो तसाच पाण्यात उतरला आणि आईसमोर उपरण्याची झोळी पसरून उभा राहिला.

"भर आई. नदीच्या वतीनं मी घेतो."

मंडळीत खसखस पिकली. पिकल्या मिशांचा चिटणीस ओटी पसरून उभा! अहल्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लेकाच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. तिथंच कधीकाळी ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. त्यांचा हात तिथं जरासा रेंगाळला, डोळे भरून आले. एकेक वस्तू झोळीत पडली.

"पाण्यात काही पडलं नाही!" भीमाचार्यांनी पुराणातल्या आवाजात निकाल दिला.

"सरी, ठीक झालं," अहल्याबाई म्हणाल्या. "आता ओटी घेतलीस ना? मग वाकून नमस्कार कर."

गुरुराज वाकला. पायाखालचं शेवाळ मंडळीनं अजून काढलं नव्हतं. पुढच्या क्षणी चिटणीस, खण, नारळ, बांगड्या, सगळं धपकन नदीत!

"घेतली! घेतली बघा तिनं!" अहल्याबाईंनी टाळ्या पिटल्या. छातीतली धडधड कुठल्या कुठे पळाली.

"अण्णा," परसू कट्ट्यावरून उठला, "आता आपल्या हातानं."

नियम तो नियम. हळदकुंकवाचे ओघळ मिशांवर घेऊन गुरुराजनं सगळ्यांदेखत नारळ काढला, खण काढला, तांदूळ उपरण्यानं गाळले. बांगड्या एकेक करून मिळाल्या. एक मात्र काही केल्या सापडेना. तो अंधार पडेतोवर चाचपडला असता, पण आता परसूलाच राहवेना. धोतर खोचून तोही उतरला. थोड्या वेळानं त्यानं पाण्यातून काहीतरी वर काढलं, बघितलं, काठावरच्या म्हातारीच्या आनंदी तोंडाकडे बघितलं, आणि हळूच पुन्हा खाली सोडून दिलं.

"न्हाई गावत अण्णा," तो म्हणाला. "तिनं घातली असंल."

गुरुराजनं ते पाहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं नियमाचं नाव काढलं नाही.