समजावणी

खिडकीतला उजेड समोर बसलेल्या काकूंच्या चेहऱ्यावर पडेल अशा बेताने तिने टेबल वीतभर सरकवलं.

"काय गं, रोज टेबल ढकलतेस? एक दिवस पाय फुटतील त्याला," काकू म्हणाल्या.

"वहीवर उजेड नसला की तुमचे डोळे ताणतात, काकू."

"माझ्या डोळ्यांची काळजी सख्ख्या सुनेला नाही, तुला बरी आली!"

ती हसली. हसता हसता, जाकिटाचं दुसरं बटण काकूंच्या चेहऱ्याच्या रेषेत आहे ना, याचा तिने मान न वाकवता अंदाज घेतला. त्या बटणात कॅमेरा होता. तासभर चालायचा, आणि तोवर छातीला चटका बसेल इतका तापायचा. चित्र आणि आवाज थेट दादाच्या फोनवर जात होता.

दादा म्हणजे तिचा भाऊ नव्हे. संस्थांमधले गैरप्रकार उघडकीला आणणाऱ्या तिच्या गटातले सगळेच त्याला दादा म्हणत. मार खाऊन घराबाहेर पडलेल्या बायकांना आसरा देणारी ही संस्था वस्तीतल्याच लोकांनी काढलेली होती. बाहेर हे टेबल, आतल्या खोलीत दोन खाटा आणि सगळा कारभार बघायला काकू. पण तीन बायका गटाकडे तक्रार घेऊन आल्या होत्या आणि तिघींचं गाऱ्हाणं एकच होतं: खाट मिळाली नाही, गोड बोलून घरी धाडलं, घरी पुन्हा तेच वाढून ठेवलेलं. "नुसतं सांगून कोण ऐकतंय?" दादा म्हणाला होता. "म्हातारीच्या तोंडून एक वाक्य आण. 'परत जा.' बस्स."

म्हणून गेले एकोणीस दिवस ती इथे मदतनीस होती. पण काकू 'परत जा' म्हणून कधी म्हणतच नसत. त्या मुलांची शाळा विचारत, सासूचं दुखणं विचारत, चहा देत आणि गप्प बसत. थोड्या वेळाने बाई आपणहून उठे. तिच्या डोळ्यांदेखत पाच जणी अशा उठून गेल्या होत्या, आणि एवढ्या दिवसांच्या चित्रणात हाती काय आलं, तर चहाचे कप.

साडेअकराच्या सुमाराला जिन्यावर थांबत थांबत पावलं वाजली. दारात एक बाई आली. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं. ते खाली ठेवताना तिच्या तोंडून 'स्स' निघालं. चादरीची गाठ सैल झाली आणि शिलाई मशिनचं काळं डोकं दिसलं. खालचं टेबल, पायडल काही नाही, नुसतं डोकं.

काकूंनी आधी मशिन पाहिलं, मग बाईला. वहीत नाव, पत्ता उतरवून घेतला.

"मनगटाला काय झालं?"

"दारात सापडलं."

"दार आपोआप लागलं?"

बाईने मनगट पदराखाली घेतलं. "त्यांनी लोटलं," ती म्हणाली. "माझा हात आहे हे बघून लोटलं."

काकू खुर्चीत मागे रेलल्या. "आज तू बोल गं," त्या तिला म्हणाल्या. "किती दिवस नुसती बघत बसणार? मी ऐकते."

नाही म्हणावं तर संशय. हो म्हणावं तर... आणि मग तिला सुचलं. आपण काकूंसारखंच बोलायचं. बाई उठायला लागली की काकू म्हणतील, 'शाब्बास, असंच सांगायचं असतं.' त्या वाक्यावर दादा नाचेल.

"मुलं किती, ताई?" तिने विचारलं.

"एक मुलगी. सातवीत आहे."

"परीक्षा जवळ आली असेल."

"पुढच्या सोमवारपासून."

"मग तिचा अभ्यास कोण घेणार? तुम्ही इथे, ती तिथे."

बाईने ओठ आवळले. तिने जाकीट सावरत चोरून काकूंकडे पाहिलं. काकूंचा चेहरा कोरा होता. अजून थोडं, तिला वाटलं.

"राग किती वेळ टिकतो त्यांचा?"

"दुपारपर्यंत. मग बोलतात. कधी रडतातसुद्धा."

"म्हणजे आता उतरत आला असेल." आपला आवाज इतका मऊ होऊ शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. "घर मोडायला एक सकाळ पुरते, ताई. उभं करायला तुम्हाला किती वर्षं लागली?"

बाई रडू लागली. तिने पाण्याचा पेला बाईच्या पुढे केला आणि काकूंसारखीच गप्प बसली. बाई पाणी प्यायली, तिने पदराने तोंड पुसलं आणि ती उठली.

"खरंय तुमचं. इतकं समजावून मला कोणी सांगितलंच नव्हतं."

आता, तिला वाटलं. आता काकू बोलतील. आणि काकू बोलल्या.

"आत खाट रिकामी आहे. राहायचं असेल तर राहा."

"नको, काकू. या ताई शिकलेल्या आहेत, त्या काय उगीच सांगतील?"

बाई मशिन उचलायला वाकली. ते एकटीला उचलेना, तेव्हा टेबलाजवळून उठून तिने हात लावला. मग तीच पावलं थांबत थांबत जिना उतरून गेली.

काकूंनी पेनाला टोपण लावलं. "माझ्याहून कठीण निघालीस तू."

"तुम्हीही असंच सांगता ना, काकू?"

"सगळ्यांना नाही. बाई काय घेऊन आलीय ते मी आधी बघते. नुसती पर्स घेऊन येते ती दमलेली असते. जरा बसते, मोकळी होते, जाते. त्यात चुकतंही माझं, नाही असं नाही." त्यांनी जमिनीवर, मशिन ठेवलं होतं तिथे पाहिलं. "पण पोटाचं साधन उचलून आणणारी परत जायला आलेली नसते. हिला मी ठेवणारच होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलायला लागलीस. म्हटलं, शिकलेली पोर आहे, मला दिसलं नाही ते हिला दिसलं असेल."

ती जिन्याच्या दोन दोन पायऱ्या उतरत खाली धावली. रस्त्यावर डावीकडे कोणी नव्हतं; उजवीकडे एक रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. खिशात फोन वाजला.

"झकास!" दादा म्हणत होता. "म्हातारी निसटली, निसटू दे. परत पाठवलेली बाई तर चित्रात आली ना! तुझा आवाज बदलून टाकू. खाली लिहू, 'संस्थेची कार्यकर्ती'."

"दादा, ती गेली."

"कोण?"

तिने फोन बंद केला आणि ती धापा टाकत वर आली. काकूंनी वही आधीच तिच्या दिशेने फिरवून ठेवली होती. पत्त्यावर त्यांचं बोट होतं.

"माझे गुडघे मेले वेळ लावतील. तू हो पुढे, मी आलेच."

पत्त्यावर पोचायला तिला वीस मिनिटं लागली. अर्ध्या वाटेत बटणाचा चटका थांबला. कॅमेरा संपला होता. तिसऱ्या गल्लीतलं शेवटचं घर. आतून काही आवाज येत नव्हता. तिने कडी वाजवली, थांबली, पुन्हा वाजवली.

दार उघडलं ते एका माणसाने. नीट भांग पाडलेला, डोळे लाल, हातात ओला टॉवेल. त्याच्यामागे मशिन चादरीतच जमिनीवर पडलं होतं. बाई दिसत नव्हती.

"कोण पाहिजे?"

"मी संस्थेतून आलेय."

"संस्थेतून?" त्याने तिला खालीवर न्याहाळलं. "आत्ताच तर तुम्ही तिला समजावून पाठवलंत ना?"

"हो," ती म्हणाली आणि तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. "मीच पाठवलं. आता न्यायला आलेय."