आप्पांचा निळा

शाळेत मुलं तिला पाठीमागे 'अर्धा गुण' म्हणत. उत्तरात एक आकडा जास्त दिसला की विज्ञानाच्या या बाई अर्धा गुण कापायच्या. "पट्टीनं दोन आकड्यांपर्यंत मोजलंस, मग उत्तरात सात आकडे कसे? उरलेले पाच मामाच्या गावाहून आणलेस?" वर्ग हसायचा. ती हसायची नाही.

आणि आज तीच बाई आईच्या खोलीत जमिनीवर बसून, शाळेतून आणलेल्या तराजूवर निळी पूड तोलत होती. शंभर ग्रॅम पांढऱ्याला बेचाळीस पूर्णांक आठ पाच सात ग्रॅम निळी.

दीड महिना दवाखान्यात काढून आई परवा घरी यायची होती. मधल्या काळात एका भिंतीला ओल धरली, गिलावा नव्यानं करावा लागला. कळल्यावर आई एवढंच म्हणाली, "भिंतीचं काय करायचं ते करा. रंग आप्पांचाच हवा."

आप्पा, म्हणजे बाईंचे वडील, जाऊन चार वर्षं झाली होती. दर वर्षी ते स्वतः ही खोली रंगवायचे. बाहीवर निळं, भुवईवर निळं. लहानपणी तिला त्यांची शीळसुद्धा निळी वाटायची. कपाटाच्या दाराआड त्यांनी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: निळा तीन, पांढरा सात.

तीन भागिले सात. कॅल्क्युलेटरवर शून्य पूर्णांक चार दोन आठ पाच सात अशी आकड्यांची रांग लागली, आणि तिला त्यातला एकही सोडवेना. चारदा रंग कालवला, चारदा जुन्या भिंतीशेजारी फासून वाळू दिला. एकदाही जुळला नाही.

आप्पांचे जुने दोस्त, रंगारीकाका, दाराशी येऊन उभे राहिले. "काय गं, रंग करतेस की औषध?"

"जुळतच नाही, काका. कणाचाही फरक ठेवला नाही मी."

"आप्पा कशानं मोजायचा?"

"त्या पत्र्याच्या मगानं."

"काठोकाठ?"

तिला आठवलं. कधी काठोकाठ, कधी बोटभर कमी. मध्येच आईनं हाक मारली की हातातला मग हिंदकळायचा, आणि उरलं ते माप धरलं जायचं.

काकांनी कपाट सरकवलं आणि मागची भिंत खरवडली. खपल्या पडू लागल्या. निळ्याखाली निळा, त्याखाली आणखी निळा. एक पहाटेसारखा फिका, एक शाईसारखा दाट, एक हिरव्याकडे कललेला.

"यातला आप्पाचा कोणता, सांग बरं."

ती थरांवरून बोट फिरवत राहिली. हा तिच्या लग्नाच्या वर्षीचा असेल. हा त्यांचा हात थरथरायला लागला तेव्हाचा. मगानं जेमतेम एक आकडा खरा सांगितला होता. बाकीचे तिनं यंत्राकडून उसने आणले, आणि आप्पा समजून जपले.

"शून्य पूर्णांक चार," ती हळूच म्हणाली. "आप्पा इथवरच. पुढचे आकडे त्यांचे नव्हतेच."

"मला त्यातलं कळत नाही," काका म्हणाले. "पण तो पत्र्याचा मग आण. चारही भिंती रंगवून काढू."

आई आली ती उंबऱ्यातच थांबली. किती तरी वेळ भिंतींकडे बघत राहिली.

"कुणी कालवला?"

"मी."

"दाट झालाय." आई खाटेवर टेकली, पाय वर घेतले. "त्यांचाही व्हायचा एखाद्या वर्षी. पुढच्या खेपेला निळ्याचा हात जरा आखडता घे."