तीन कप मनुका-अंजीर

सासूबाईंच्या वहीत मेव्याच्या पावापुढे लिहिलं होतं, ‘मनुका-अंजीर बारीक चिरून तीन कप.’ बस्स, एवढंच! कप दाबून की मोकळा, याचा पत्ता नाही. आणि हा पाव ज्यांच्या बेकरीत विकायला जायचा, त्या मास्तरांना तो रोज एकसारखा, म्हणून सगळं ग्रॅममध्ये हवं होतं.

सून सकाळपासून वजनकाट्यापुढे बसली होती. आठवड्यापूर्वी मोबाइलमधला तक्ता पाहून तिने कपाला एकशे पंचेचाळीस ग्रॅम धरले, तर पाव कोरडा ठाक झाला. मास्तर म्हणाले, “हा तुमच्या सासूबाईंचा नव्हे, बाई. वीस वर्षं खातोय मी. गुरुवारी चारच्या आत नीट आणा, नाहीतर काम बंद.” आज गुरुवार होता, आणि घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

विचारायचं तर सासूबाईंना. पण अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला होता, आणि तोंडात एकच शब्द उरला होता.

“आई, कप दाबून भरायचा ना?”

“नाही.”

“मग मोकळा?”

“नाही!” सासूबाई चिडल्या.

भेटायला आलेली नणंद दारातूनच म्हणाली, “वहिनी, आईला जेवलीस का विचारलं तरी नाहीच म्हणते. कसली परीक्षा घेतेस?”

“परीक्षा माझी आहे, वन्सं.”

तिने सासूबाईंच्या डाव्या हाती कप दिला. पहिल्यांदा भरला, दीडशे ग्रॅम. दुसऱ्यांदा एकशे नव्वद. तिसऱ्यांदा एकशे अडुसष्ट. हात एकच, आणि आकडे तीन! देवा, एकच आकडा दे, दुसरं काही मागत नाही, असं ती मनात म्हणत राहिली. घड्याळात एक वाजून गेला.

सासूबाईंनी कप ढकलून दिला आणि पिठाच्या परातीकडे बोट केलं. सुनेने परात पुढ्यात ओढली. मग एकदम सुचून तिने चिरलेला मेवा भांड्यासकट काट्यावर ठेवला. बरोबर हजार ग्रॅम भरेल असा केला, आणि भांडं सासूबाईंजवळ सरकवलं.

डावा हात मूठमूठ मेवा टाकू लागला. सून मळत राहिली. पीठ जड झालं, चिकट झालं, मेव्याचे तुकडे कडेने सुटून पडू लागले. तेव्हा हात थांबला. पुन्हा भांड्याकडे गेलाच नाही.

भांडं पुन्हा काट्यावर ठेवलं, तर तीनशे अठ्ठ्याऐंशी. म्हणजे गेले सहाशे बारा.

“अगं बाई,” नणंद म्हणाली, “तुझ्या तक्त्याच्या दीडपट जवळजवळ!”

सुनेने आकडा चिठ्ठीवर लिहिला.

चारला पाच मिनिटं कमी असताना मास्तरांनी गरम पावाचा तुकडा तोडला. डोळे मिटून चावला. मग भट्टीवरच्या माणसाला म्हणाले, “बाईंकडून आकडा लिहून घे रे. उद्यापासून आपल्याच भट्टीत टाकू.”

आकडा दिला की सुनेचं काम संपलं. चिठ्ठी मुठीत ओली झाली होती. भट्टीवाला हात पुढे करून उभा होता.

“चिठ्ठी माझ्याजवळ राहू द्या, मास्तर,” ती हळूच म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना, म्हणून पुन्हा म्हणाली, “पाव मीच आणत जाईन.”

मास्तरांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. ती मूठ उघडत नव्हती. शेवटी त्यांनी पावाचा दुसरा तुकडा तोडला.

“दहा पाव लागतील रोज,” ते म्हणाले.