कृपया कोणीही उठू नये

अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीच्या आमच्या मराठी मंडळात निवेदन मीच करते आणि दरवेळी तेच बजावते: ‘गाणं चालू असताना कृपया कोणीही उठू नये.’ नाहीतर आमची माणसं दुसऱ्या कडव्यालाच बटाटेवड्यांच्या रांगेत जाऊन उभी राहतात. आज तर जावई गाणार होता, म्हणून जरा दरडावूनच सांगितलं.

जावई एमील, मूळचा कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचा. तो झूक गातो, म्हणजे तिकडची संथ, लाडिक प्रेमगीतं. बॉस्टनमध्ये त्याच्या गाण्यांवर वर्षानुवर्षं जोडपी नाचली. मग घशाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर आज पहिल्यांदाच तो लोकांसमोर उभा होता.

मी विंगेत आले तर माझ्या लेकीचा, सावनीचा, चेहरा पांढराफटक.

‘‘आई, तू हे काय अनाउन्स केलंस? झूकला लोक उठून डान्स करतात. एमीलला मराठी कुठे कळतं? कोणी उठलं नाही तर त्याला वाटणार, आवाज गेला. मग तो गाणं क्विट करणार. त्याने डिसाइड केलंय.’’

मी पडद्याआडून डोकावले. हॉल गच्च भरलेला आणि एकजात सगळे हाताची घडी घालून बसलेले. पहिल्या रांगेत दिगंबरकाकांनी तर डोळे मिटले होते. मनापासून ऐकताना ते असेच बसतात, पण हे एमीलला कोण सांगणार? त्याची नजर रांगांवरून फिरत होती आणि आवाज खाली खाली जात होता. वरच्या पट्टीतली ओळ तर त्याने चक्क गिळली. माझ्या एका वाक्यापायी पोराचं गाणं बुडत होतं.

मी माइक ठेवला आणि थेट स्टेजसमोरच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले. नाचता कुठे येतंय? नुसतीच डुलले.

‘‘नीलांबरी, बस की. तूच सांगितलंस ना?’’ काका डोळे उघडून म्हणाले.

मागे हशा पिकला. माझा नवरा शशिकांत तरातरा आला. चारचौघांत त्याने कधी माझा हात धरलेला नाही. आज धरला, तो मला ओढून बसवायला.

‘‘चल, लोक बघतायत.’’

‘‘एमीलही बघतोय. हात सोडू नकोस.’’

त्याने स्टेजकडे पाहिलं. कानापर्यंत लाल झाला, पण हात सोडला नाही. दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला, लग्नाच्या फोटोत ठेवला होता तसाच अवघडून.

एमीलने ती गिळलेली ओळ पुन्हा घेतली. आवाज चिरकला, पण थांबला नाही.

मागे खुर्च्या सरकल्या. मी वळून पाहिलं नाही. बटाटेवड्यांसाठी उठले असतील, तरी मला चालणार होतं.