कमरेची तार

माझा राग नाकावर असतो, हे शुभदा लग्नापासून सांगून राह्यली. त्या दिवशी मात्र माझ्याच रागानं मले घाम फोडला.

शुभदा माझी बायको. तिले लघवी लागली की धरवतच नसे. उठेस्तोवर साडी ओली. लग्नं सुटली, देऊळ सुटलं. मुकुटबन गावाले दिलेल्या आमच्या लेकीच्या, गौरीच्या बाळंतपणालेही गेली नाही. सगळी औषधं करून थकलो, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरनं तिच्या माकडहाडाजवळच्या नसेपाशी एक तार घातली अन् बारीक झटके देणारी डबी कमरेच्या पट्ट्यात बांधली. म्हणाले, आठवडाभर पाहू. गुण आला तर यंत्र कायमचं आत बसवू, नाही तर तार काढून टाकू. आमची सारी आशा त्या तारेवर होती.

घरी आलो तर बाई पाणीच पिईना. इतक्या वर्षांची सवय. नातवाले पाहाले निघालो त्या सकाळीही घोटभर चहावरच. मी भडकलो.

"कोरडीच राह्यशील तर तारेचा गुण कसा समजन? डॉक्टरले काय सांगशील, कपाळ?"

तिनं माझ्याकडे पाहत तांब्याभर पाणी पिऊन टाकलं अन् एसटीत जाऊन बसली.

अन् मारेगावच्या अलीकडे रास्ता रोको. कापसाच्या भावासाठी लोकांनी बैलगाड्या आडव्या लावलेल्या. त्यांचं तरी काय चुकलं, त्या वर्षांत कापसानं सारा जिल्हा रडवला होता. पण चारीकडे माणसंच माणसं, आडोशाले झुडूप नाही. तास उलटला. तिले पाणी पाजणाऱ्या मले मी मनातल्या मनात शिव्या घालत होतो. शेवटी रस्ता अडवणाऱ्यांशी भांडाले उठलो.

तिनं सदरा ओढला. "बसा. लागली आहे, पण धरवते."

मले खरंच वाटेना. पुन्हा विचारलं.

"आता विचारू नका, लोक ऐकतात."

दुपारी मुकुटबनची गाडी धराले वणीच्या स्टँडवर उतरलो. एरवी ही पदर सावरत पळत सुटायची अन् मागून मी पिशवी घेऊन, लोकांवर ओरडत. आज ती चालत निघाली. वाटेत खेळण्यांच्या गाड्यापाशी थांबली, खुळखुळा वाजवून पाह्यला अन् भाव कराले लागली. मले भर स्टँडवर रडू आलं.

"अवं, आधी जाऊन ये ना," मी कसंबसं म्हटलं.

"जातो ना. कायले घाई करता?" म्हणत तिनं दुसरा खुळखुळा उचलला.